हेकट रेघ

दांडी वर आली तेव्हा तिच्या टोकाला काच नव्हती. तांब्याचा चिमटा जागच्या जागी होता, त्यावर डिंकाचा तडकलेला पापुद्रा होता, आणि बघता बघता दोन्हींवर हवेतलं बाष्प गोठून पांढरी साय धरत होती; काच तेवढी नव्हती. नोन्ना गाव्रिलोव्हनाला आधी काही विशेष वाटलं नाही. काचा पडतात. द्रव हीलियमच्या थंडीत डिंक सुटतो आणि नखाएवढा तुकडा थर्मासच्या तळाशी जाऊन बसतो; ज्याची काच कधी बुडाली नाही असा माणूस संस्थेत शोधून सापडायचा नाही. डिंक लावताना आपण घाई केली, एवढंच तिच्या मनात आलं, आणि ती स्वतःवरच चिडली, कारण हीलियमची पाळी काही रोज येत नाही आणि आली की माणूस जेवणसुद्धा उभ्या उभ्या उरकतो. मग तिला दुपारचा तो आवाज आठवला. हीलियम ओतायला सुरुवात केली तेव्हाच आत टिक झालं होतं, पेल्याला नख लागावं इतकं बारीक. थंड होताना धातू वाजतो, म्हणून तिने तिकडे लक्ष दिलं नव्हतं. म्हणजे काच तेव्हाच पडली. म्हणजे दुपारभर लेसरचा जांभळा उजेड रिकाम्या तांब्यावर पडत होता. तिने मान वळवून नोंदयंत्राकडे पाहिलं. लेखणीखालून सरकत आलेला कागद टेबलावरून खाली लोंबत होता, आणि त्यावर पुन्हा पुन्हा, त्याच जागी, त्याच उंचीचा, तोच डोंगर होता. तिच्या नवऱ्याची, वेन्याची रेघ. ज्या काचेतून ती निघते असं सगळं जग मानत होतं ती काच आत नव्हती, आणि रेघ होती.

या धंद्यात डोंगरालाही रेघच म्हणतात. काच वितळवताना तिच्यात कॅडमियमचं एक संयुग विरघळवतात, काच निवाली की तिला पुन्हा भट्टीत घालतात, आणि भट्टीत ती जितकी जास्त राहील तितके तिच्या पोटात त्या संयुगाचे कण वाढत जातात. वाढून वाढून वाढणार किती, साध्या सूक्ष्मदर्शकालाही ते दिसत नाहीत. पण कण लहान असले तर काच पिवळी, जरा मोठे झाले तर नारिंगी, आणखी मोठे झाले तर लाल. पदार्थ तोच, नुसता आकार बदलला की रंग बदलतो. अशा काचेवर जांभळा उजेड पाडला की आतले कण आपापल्या रंगाने उजळतात, तो उजेड यंत्राच्या फटीतून आत घ्यायचा, फाकवायचा, आणि कुठला रंग किती आहे ते लेखणीने कागदावर उतरवायचं, एवढाच हा उद्योग. त्यातच लेनिनग्राडमधल्या चार भल्या माणसांची आयुष्यं निघून जातात. काच थंड केली की प्रत्येक डोंगर निळ्या बाजूला सरकतो, हा नियम. वेन्यामिन झारुबिनला असा एक डोंगर सापडला होता जो सरकत नव्हता. हीलियममध्ये बुडवा, उघड्यावर ठेवा, कण लहान घ्या, मोठे घ्या, काच पिवळी असो की लाल, हा आपला तिथेच. भर सभेत फळ्यापाशी उभा राहून वेन्या म्हणाला होता, "ही माझ्या बायकोसारखी आहे. थंडीला भीक घालत नाही." सभा हसली होती आणि तेव्हापासून अख्खी संस्था त्या रेघेला हेकट म्हणू लागली होती. नोन्ना मागच्या रांगेत बसली होती. ती कानापर्यंत लाल झाली, पण रागाने नव्हे. इतक्या माणसांदेखत तिच्यावर असं प्रेम त्याआधी कोणी केलं नव्हतं, आणि घरात एकांतातही वेन्याला ते नीट जमत नसे.

तिने दांडी पुसली, रिकामीच परत आत सोडली आणि लेखणी सुरू केली. डोंगर आला. तिने लेसरपुढे पुठ्ठा धरला, डोंगर गेला. पुठ्ठा काढला, आला. उजेड रिकाम्या तांब्यावरून उडून यंत्राच्या फटीपर्यंत जातो, त्यात नवल नाही. पण तो जांभळाच असायला हवा, आणि जांभळ्याला अडवायला तर फटीपुढे फिल्टर बसवलेला आहे. नारिंगी काचेचा फिल्टर, पितळी कड्यात आवळलेला. तो कशाचा केलेला आहे, हे ती झोपेतसुद्धा सांगू शकली असती. कॅडमियम, भट्टी, कण. संस्थेच्या कारखान्यात असल्या काचा कित्येक वर्षं ओतत आलेत; सुरुवात झाली तेव्हा त्यांच्या पोटात काय आहे हे कोणाला ठाऊकही नव्हतं. तिने दांडी पुन्हा वर काढून ठेवली, खोलीतले दिवे घालवले, खिशातला लहान आरसा काढून लेसरच्या वाटेत तिरपा धरला आणि उजेड सरळ फिल्टरवर फेकला. पितळी कड्यात नारिंगी काच मंद उजळली. राखेखालच्या निखाऱ्यासारखी, शांतपणे, आपल्या स्वतःच्या रंगाने. ती खोलीच्या उबेत बसलेली होती, हीलियमशी तिचा काही संबंध नव्हता, मग ती थंडीला भीक कशाला घालील? आत कुठलीही काच ठेवा, रेघ तीच येणार, कारण उजळत होता पहारेकरी. कुंपणानेच शेत खाल्लं होतं. रिकाम्या चिमट्याची तपासणी पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा करतो. वेन्यानेही केली होती, पण तेव्हा साधा दिवा होता आणि दिव्याच्या उजेडात एवढा जोर नव्हता. पुढे लेसर आला, सगळ्यांनी त्याच्याभोवती पेले उंचावले, आणि झालेली तपासणी पुन्हा करायचं कोणाला सुचलं नाही. मॉस्कोच्या लोकांनी हाच प्रयोग करून पाहिला तेव्हा त्यांना ही रेघ दिसली नव्हती. त्यांचा फिल्टर वेगळा असणार. मॉस्कोवाल्यांचे हात जड आहेत, असं म्हणून इथे सगळे पोट धरून हसले होते, आणि सगळ्यांत जास्त नोन्ना हसली होती.

दारावर टकटक झाली. प्रयोगशाळेचे प्रमुख काझिमिर फ्रांत्सेविच आत आले, अंधारात टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले आणि हसले, तशी नोन्नाने दिवा लावला. गोलमटोल, चांगला माणूस. वेन्याच्या शवपेटीला पुढून उजव्या बाजूला त्यांनी खांदा दिला होता आणि नंतर कोपऱ्यात जाऊन लहान मुलासारखे रडले होते. शुक्रवारी वेन्या साठ वर्षांचा झाला असता. त्या निमित्ताने छोट्या सभागृहात बैठक ठरली होती, आणि तेच सांगायला ते आले होते. परिषदेने मान्य केलं, नव्या संदर्भग्रंथात ही झारुबिनची रेघ म्हणून जाणार, शुक्रवारी तशी घोषणा करायची, आणि घोषणेआधी नोन्नाने आजची ताजी मोजणी दाखवायची. तिच्या सासूबाईंसाठी पहिल्या रांगेत उशीची खुर्ची ठेवायला सांगितलंय, असंही ते म्हणाले. नोन्नाने तोंड उघडलं. सांगायला चार शब्द पुरले असते. तेवढ्यात त्यांना उघडी दांडी दिसली.

"काच कुठाय?"

"पडली," ती म्हणाली.

"मोजणीच्या आधी की नंतर?"

तिला वाटलं, हाच तो क्षण, आता दारच उघडलंय, फक्त पाऊल टाकायचं. पण काझिमिर फ्रांत्सेविचनी उत्तराची वाट पाहिलीच नाही. ते वाकून लोंबता कागद न्याहाळत होते आणि त्यांचा चेहरा फुलला होता. "पडली तर पडू दे हो. रेघ तर आलीय ना? बघा कशी उभी आहे. हेकट ती हेकट." त्यांनी कागदावरून प्रेमाने बोट फिरवलं. "आमचा वेन्या."

"हो," ती म्हणाली.

बाहेर पडली तेव्हा मार्चमधला चिखल पायाखाली पचपच करत होता आणि कौलांच्या कडेला लोंबणारे बर्फाचे सुळके पाडायला माणसं वर चढली होती, खाली फूटपाथला दोरी बांधली होती. शहराचा हा भाग म्हणजे नदीतलं एक बेट, आणि या बेटावर रस्त्यांना रस्ते म्हणत नाहीत, रेघा म्हणतात. ती चौदाव्या रेघेवर राहत होती आणि लग्न होऊन आली तेव्हा वेन्याने त्यावरही विनोद केला होता, की बाई गं, तुला माझ्या घरात येऊनही रेघच नशिबी. दोरीच्या अलीकडे लोकांबरोबर ती थांबली. वरून सुळका पडला, फुटला, लोक पुढे सरकले, ती उभीच राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, "बाई, चालायचंय की इथंच वितळायचंय?" तेव्हा ती चालू लागली. तिला वेन्याचा चेहरा आठवेना. तो गेल्याला सात वर्षं झाली होती, त्यांत असं कधी झालं नव्हतं. रोज सकाळी अंधाऱ्या खोलीत लेखणी वर चढू लागली की तो आठवायचा, डोंगराच्या माथ्याशी आला की तो मागे येऊन उभा राहायचा, त्याच्या कोटाचा तंबाखूचा वास यायचा. आणि लेखणी खाली उतरली की तो निघून जायचा. लोक कबरीवर जातात, ती मोजणी करत होती. त्यासाठी तिने आपलं स्वतःचं काम, माणकांच्या चमकेचं, अर्ध्यावर सोडून दिलं होतं. ते पुढे कोणीतरी पुरं केलं आणि चांगलं केलं. तिला त्याचं दुःख झालं नव्हतं. आता झालं. रस्त्याच्या मधोमध, ट्रामच्या घंटेत, पन्नाशी उलटलेल्या त्या बाईला आपण लुटलो गेलोय असं वाटलं आणि लुटणाऱ्याचा चेहरासुद्धा आठवेना.

आठवलं ते भलतंच. तो गेला त्याच्या आधीचा महिना. वेन्या घरी लवकर येऊ लागला होता. आयुष्यात कधी ज्याने कप विसळला नाही तो जेवण झालं की भांडी घासायला उठायचा, सामाईक स्वयंपाकघरात शेजारणींच्या टोमण्यांत उभा राहून घासत बसायचा. एकदा जेवताना तो म्हणाला होता, "नोन्ना, मी चुकलो असलो तर?" कशात, असं तिने विचारायला हवं होतं. कोणीही विचारलं असतं. तिने पाव कापता कापता म्हटलं होतं, "चुकायचं तर दुसऱ्या कशात चूक बाबा. ही रेघ माझ्या नावाची आहे." आणि ती हसली होती, आणि तोही हसला होता, आणि भांडी गोळा करून उठला होता. मग एक दिवस ट्रामच्या थांब्यावर तो खाली बसला तो बसलाच. ती पुन्हा कामावर गेली तेव्हा त्याचं टेबल तसंच होतं. यंत्राच्या फटीपुढे पितळी कडं उघडं होतं आणि फिल्टर काढून फलालीनच्या मऊ फडक्यावर ठेवलेला होता. पुसायला काढला असेल, असं तिला वाटलं. कामाचा किती नीटस माणूस, शेवटच्या दिवसापर्यंत काच पुसत होता, या विचाराने ती तिथेच हुंदके देऊन रडली. मग तिने फिल्टर दोन्ही बाजूंनी पुसला, कड्यात बसवला आणि हाताने आवळून वर पान्याने आणखी आवळला, पुन्हा सैल होऊ नये म्हणून. चौदाव्या रेघेच्या कोपऱ्यावर पावाच्या दुकानाच्या भिंतीला टेकून नोन्ना उभी राहिली. तो पुसत नव्हता. तो तपासत होता. त्याने चूक काढून टेबलावर ठेवली होती आणि तिने ती उचलून परत आत बसवली होती.

घर म्हणजे सहा बिऱ्हाडांच्या मजल्यावरची एक खोली, मधे उभ्या कपाटाने दोन केलेली. कपाटापलीकडे सासूबाई, ग्लाफिरा देम्यानोव्हना, महायुद्धात शहराला वेढा पडला त्या वर्षांतल्या तोफमाऱ्याने एक कान कायमचा गेलेल्या आणि दुसरा वयाने चाललेला. म्हातारी खिडकीशी बसून शुक्रवारच्या काळ्या झग्याला नवी पांढरी कॉलर शिवत होती. कोबीचं सूप पातेल्यावर ताट झाकून ठेवलं होतं. नोन्नाने कोट काढला नाही. सूप गार होतंय, असं म्हातारीने दोनदा सांगितलं. शेवटी नोन्ना तिच्या चांगल्या कानाच्या बाजूला जाऊन बसली.

"आई, शुक्रवारी तुम्ही येऊ नका."

"का म्हणून? वाढदिवस माझ्या पोराचा, आणि मी नको, तो गोलगप्पा काझिमिर हवा?"

"गर्दी असेल. तुम्हाला काही ऐकू येणार नाही."

"नाही आलं तर नाही आलं. टाळ्या दिसतात मला."

नोन्नाने तिच्या हातातली कॉलर बघितली. टाके बारीक, एकसारखे, त्या वयात कसे जमत होते कोण जाणे. आपण काहीच बोलणार नाही, असं तिने त्या क्षणी ठरवलं. शुक्रवारी ताजी मोजणी दाखवायची, कागदावर डोंगर खराच आहे, खोटं एक अक्षर बोलावं लागणार नाही. मग शनिवारी, सोमवारी, पुढच्या पाळीला, पुन्हा लेखणी, पुन्हा वेन्या. पण आता तो येणार नव्हता. निखाऱ्यासारखी ती काच तिने डोळ्यांनी पाहिली होती. यापुढे लेखणी वर चढेल तेव्हा तिला पितळी कडंच दिसेल. त्याला ठेवायची एकच जागा तिच्यापाशी होती आणि ती आज दुपारी गेली, बोलली तरी गेली, गप्प बसली तरी गेली. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आई, ती रेघ," एवढंच तिच्याच्याने बोलवलं.

म्हातारीने सुई कापडात खोचली आणि कॉलर बाजूला ठेवली. "कळलं तर तुला," ती म्हणाली.

नोन्नाने हात खाली घेतले.

"मला सांगितलं होतं त्याने. इथंच, तू बसलीयस तिथं बसून. मला काय कळतंय त्यातलं. तर म्हणाला, आई, खिडकीच्या काचेवर डाग होता आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो, की बाहेर माणूस उभा आहे. मी म्हटलं, मग डाग पूस आणि सांग, की नव्हता माणूस. तर म्हणतो, नोन्नाला कोण सांगणार?"

"कधी?"

"गेला त्या महिन्यात. रोज ठरवायचा, आज सांगतो. तू यायचीस, दोघं जेवायला बसायचात, मी कपाटामागे जीव मुठीत धरून बसायची, आता सांगेल, मग सांगेल. आणि तो भांडी उचलायचा."

"आणि तुम्ही, आई? सात वर्षं?"

"तू उठत नव्हतीस गं अंथरुणातून," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चढला, बहिऱ्या माणसाचा चढतो तसा. "वसंत आला तरी भिंतीकडे तोंड करून पडलेली. आणि एक दिवस उठलीस, तोंड धुतलंस, आणि म्हणालीस, आई, मी वेन्याची रेघ पुढे नेते. तेव्हा सांगायचं होतं मी? पोरगा गेला होता माझा. सून पण घालवू?"

नोन्नाला राग यायला हवा होता आणि तो शोधूनही सापडला नाही. चूक झाली, ती कोणाचीही होते, त्याने तिला काही झालं नव्हतं. झालं होतं ते हे, की एका टेबलाच्या दोन बाजूंना महिनाभर दोघं सूप पीत होती आणि तो तिला भीत होता. अपमानाला भ्यायला असता, परिषदेला भ्यायला असता तर एक वेळ चाललं असतं. तो तिला भ्यायला होता, तिच्या हसण्याला, तिच्या पाव कापण्याला. भर सभेत तिच्या नावाने एक गोष्ट केली आणि मग त्याच गोष्टीने त्याचं तोंड शिवलं. ट्रामच्या थांब्यावर तो बसला तेव्हा घरी येऊन सांगायचे शब्द जुळवत होता का, हे आता तिला कोण सांगणार होतं? सात वर्षं ती त्याच्याशी बोलत होती, आणि त्याला बोलायचं होतं ते तिने स्वतःच्या हाताने, पान्याने आवळून बंद केलं होतं. ती खुर्चीत पुढे-मागे झुलू लागली. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा रेडिओ शेतीचे आकडे सांगत होता.

म्हातारीने तिला झुलू दिलं. मग तिचं मनगट धरलं. हाडांची पकड, पण घट्ट.

"शुक्रवारी सांगणारेस?"

"तुमच्यादेखत कसं सांगू?"

"माझ्यादेखतच सांग. उद्या दुसरं कोणी उठून हसत हसत सांगणार, मॉस्कोचं नाहीतर कुठलं. त्यापेक्षा घरच्या माणसाने सांगावं. त्याला नाही जमलं, मला नाही जमलं. पण मला ऐकू आलं पाहिजे. पुटपुटू नकोस तिथं, तुला सवय आहे. आता बोलून दाखव."

"आई, नको."

"बोलून दाखव. ऊठ."

नोन्ना उठली. कोट अंगात तसाच होता. तिने खुर्चीची पाठ धरली, समोर कपाट होतं, कपाटावर त्याची जुनी पेटी होती, तिकडे न बघता तिने सुरुवात केली. वेन्यामिन झारुबिन, एवढं आलं. मग काहीच आलं नाही. तिने श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली, वेन्यामिन झारुबिन यांनी पाहिलेली रेघ त्या काचेतली नव्हती, आणि शेवटचा शब्द नुसता ओठांनीच झाला. पलीकडचा रेडिओ कोणीतरी बंद केला. खोलीत इतकी शांतता झाली की सगळा मजला कान देऊन बसलाय असं वाटलं. म्हातारीने डोळे मिटून घेतले होते, तळहात चांगल्या कानामागे धरला होता, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती.

"नाही आलं ऐकू," ती म्हणाली. "परत सांग. मोठ्यानं."